प्रयोगशाळेतून धम्माकडे : प्रा. पी. लक्ष्मी नरसू

आमच्या विद्यालयाच्या सभागृहात तथागत बुद्ध, बोधिसत्त्व बाबासाहेब, महात्मा जोतिराव, सावित्रीमाई आणि राजर्षी शाहू महाराज यांच्या तसबिरी आहेत. वसतिगृहात राहून गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्यांचा क्रमही पाठ असेल. या मालिकेत एका विज्ञानशिक्षकाची तसबीर नाही, आणि ती असावी असे आजवर आम्हा कोणालाही वाटले नव्हते. मद्रासचे प्रा. पोकला लक्ष्मी नरसू हे ते शिक्षक होत. बाबासाहेबांनी 1948 साली, राज्यघटनेच्या मसुद्याचे ओझे खांद्यावर असताना, या गृहस्थांचा ‘द इसेन्स ऑफ बुद्धिझम’ हा जुना, दुर्मीळ झालेला इंग्रजी ग्रंथ मुंबईच्या ठक्कर आणि कंपनीकडून पुन्हा छापवून घेतला आणि त्यास स्वतःची प्रस्तावना जोडली. बौद्ध धम्मावरील चांगले पुस्तक कोणते, असे लोक त्यांना वारंवार विचारीत. त्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे हा ग्रंथ होता. ज्या ग्रंथाकडे बाबासाहेबांनी समाजाला वळवले, त्याच्या कर्त्याची ओळख समाजाने फारशी करून घेतली नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने ती उणीव थोडी तरी भरून काढावी, एवढाच आमचा हेतू आहे.

लक्ष्मी नरसू यांचा जन्म 1861 सालचा. तेलुगूभाषी घराण्यातील हा मुलगा मद्रास शहरात इंग्रजी शिक्षण घेऊन पुढे आला, विज्ञानाचा पदवीधर झाला आणि मद्रास ख्रिश्चन कॉलेजात विज्ञान शिकवू लागला. त्या काळी हे कॉलेज आजच्यासारखे तांबरमच्या मोकळ्या रानात नव्हते. ते जॉर्ज टाउनच्या गजबजाटात, व्यापारी पेढ्या आणि न्यायालये यांच्या सान्निध्यात होते, आणि डॉ. विल्यम मिलर हे स्कॉटिश धर्मोपदेशक त्याचे प्राचार्य होते. हिंदुस्थानी मनुष्याने भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकावे, इथवर गोऱ्या अध्यापकवर्गाची तयारी होती. त्याने ते बरोबरीच्या नात्याने शिकवावे, हे मात्र सहज पचणारे नव्हते. नरसू यांना हा दर्प आयुष्यभर पुरला. बाबासाहेबांनी प्रस्तावनेत त्यांचे जे चित्र रेखाटले आहे ते एका लढवय्याचे आहे. युरोपियनांचा उद्दामपणा, सनातन्यांचा कर्मठपणा आणि मिशनऱ्यांचे आक्रमण या सर्वांशी एकाच वेळी झुंजणारा, आणि ती झुंज बुद्धाच्या शिकवणीवरील निष्ठेने देणारा, असा पुरुष त्यांना नरसूंमध्ये दिसला. प्रस्तावनेसाठीची चरित्रविषयक माहिती त्यांनी काँग्रेसचे नेते डॉ. पट्टाभी सीतारामय्या यांच्याकडून मिळवली होती, कारण पट्टाभी हे नरसूंचे स्नेही होते. राजकारणात ज्या पक्षाशी बाबासाहेबांचा जन्मभर कलह होता, त्या पक्षाच्या अग्रणीकडे त्यांनी एका शिक्षकाविषयी चौकशी करावी, हा प्रसंग आम्हास मोठा बोलका वाटतो.

ख्रिश्चन कॉलेजानंतर नरसू पचैयप्पा कॉलेजात विज्ञानाचे प्राध्यापक झाले. पचैयप्पा मुदलियार नामक दानशूर गृहस्थाच्या मृत्युपत्रातून उभी राहिलेली ही संस्था. सरकारी पैशावर अवलंबून नसलेली म्हणून तिचा मद्रासभर गौरव होता. परंतु या संस्थेची दारे 1947 पर्यंत केवळ हिंदू विद्यार्थ्यांसाठीच उघडी होती. म्हणजे आधी ख्रिस्ती धर्मोपदेशकांचे कॉलेज आणि नंतर हिंदूंपुरते मर्यादित कॉलेज, अशा दोन छतांखाली या मनुष्याची नोकरी झाली, आणि दोन्ही छतांच्या बाहेर पडल्यावर तो ज्यांच्यात मिसळे, ते लोक शहराच्या कडेच्या चेऱ्यांमध्ये राहत. चेरी म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती, आमच्या भाषेत महारवाडा.

येथे थोडे मागे जाऊन मद्रासच्या तमिळ बौद्ध चळवळीची हकीकत सांगणे भाग आहे, कारण नरसूंचे समाजकार्य तिच्यावाचून समजणार नाही. पंडित अयोत्तिदास हे परैयर समाजात जन्मलेले सिद्धवैद्य आणि तमिळ भाषेचे गाढे अभ्यासक. 1892 साली मद्रासमधील महाजन सभेच्या परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना मंदिरप्रवेश मिळावा, मुलांना शिक्षण मिळावे, कसायला पडीक जमीन मिळावी अशा मागण्या मांडल्या. मंदिरप्रवेशाच्या मागणीवर सभेत त्यांचा अवमान झाला. त्या अवमानातून त्यांनी जो निष्कर्ष काढला, तो पुढे येवल्यात बाबासाहेबांनी काढलेल्या निष्कर्षाच्या फार जवळचा होता. 1898 साली थिऑसॉफिकल सोसायटीचे कर्नल ऑल्कॉट यांच्या साहाय्याने ते श्रीलंकेला गेले, तेथे थोर विद्वान भिक्षू सुमंगल महास्थविर यांच्याकडून त्यांनी पंचशील ग्रहण केले आणि परतल्यावर मद्रासच्या रॉयपेट्टा भागात शाक्य बौद्ध संघाची स्थापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या 58 वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

या संघाच्या आरंभीच्या पाठीराख्यांत प्रा. नरसू होते. त्यांच्यासोबत सिंगारवेलू हे मच्छीमार समाजातून आलेले वकील होते. पुढे हेच सिंगारवेलू 1923 साली मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदुस्थानातील पहिला मे दिन साजरा करणारे साम्यवादी नेते म्हणून प्रसिद्धीस आले. एक वैद्य, एक प्राध्यापक आणि एक वकील, तिघांच्या जाती वेगळ्या, स्वभाव तर त्याहून वेगळे. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे बुद्ध. आमच्या वाचकांना परिचित असलेले आणखी एक नाव या वर्तुळाशी जोडलेले आहे. गोव्याचे धर्मानंद कोसंबी 1902 साली श्रीलंकेत याच सुमंगल महास्थविरांच्या विद्यापीठात श्रामणेर झाले, आणि तेथून परतल्यावर मद्रासच्या याच बौद्ध मंडळींच्या आश्रयाला काही काळ राहून पुढे ब्रह्मदेशाला गेले. मराठी बौद्ध वाङ्मयाचा पहिला मोठा साधक आणि दक्षिणेतील ही चळवळ यांची भेट अशी फार लवकर झाली होती, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत कोठे येत नाही.

नरसू चेऱ्यांमधल्या सभांना जात, व्याख्याने देत, शंकांना उत्तरे देत. आज हे वाचताना त्यात विशेष काही वाटणार नाही. परंतु त्या काळच्या मद्रासमध्ये काही वाटा अशा होत्या की ज्यावर अस्पृश्याचे पाऊल पडू नये म्हणून दंडे उगारले जात, आणि मलबारच्या बाजूला तर सावलीचे अंतर मोजले जाई. अशा प्रांतात प्रतिष्ठित घरातील, सरकारदरबारी मान असलेल्या प्राध्यापकाने रविवार त्या वस्तीत घालवणे, तेथे उपकारकर्त्याच्या पाटावर न बसता त्याच धम्माचा एक उपासक म्हणून बसणे, ही साधी गोष्ट नव्हती. दया दाखविणारे सुधारक तेव्हाही पुष्कळ होते. अस्पृश्यांसाठी शाळा काढणारे, धान्य वाटणारे, आणि सायंकाळी घरी परतून स्नान करणारे. नरसूंनी आपला धर्म या लोकांच्या धर्माशी एक केला. त्यामुळे त्यांना घरी परतून स्नान करण्याचे कारण उरले नाही.

अयोत्तिदास आणि नरसू यांचे मात्र सगळ्याच बाबतीत जमले नाही. हा मतभेद आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही, कारण त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. अयोत्तिदासांची वाट इतिहासाची आणि स्मृतीची होती. आपण मूळचे बौद्ध होतो, बौद्ध असल्यामुळेच आपल्याला हीन ठरवण्यात आले, हा विचार त्यांनी जुने तमिळ ग्रंथ, शब्दांच्या व्युत्पत्ती, सणवार आणि लोककथा यांच्या आधारे मांडला. 1907 साली सुरू केलेल्या त्यांच्या तमिळ साप्ताहिकाची सुरुवातीची किंमत एक पैसा होती आणि ते नावातच सांगितलेले होते. त्यातून ते दीपावलीसारख्या सणाचाही बौद्ध अर्थ उलगडून दाखवीत. नरसूंना ही रीत मानवत नसे. विज्ञानाच्या माणसाला पुरावा लागतो. दंतकथेवर उभारलेली अस्मिता दुसऱ्या दंतकथेच्या धक्क्याने कोसळेल, असे त्यांच्या एकूण लेखनातून जाणवते. बुद्ध आपला पूर्वज होता म्हणून त्याचे ऐकावे, हा त्यांचा मुद्दाच नव्हता. त्याचे म्हणणे तपासून पाहता खरे उतरते म्हणून ऐकावे, हा त्यांचा मुद्दा होता.

दोघांत बरोबर कोण? आमच्या शिक्षककक्षात यावर एकदा चांगलाच वाद झाला होता. विज्ञानाच्या शिक्षकांनी नरसूंची बाजू घेतली, इतिहास आणि भाषा शिकवणाऱ्यांनी अयोत्तिदासांची. आमचे मत विचाराल तर पिढ्यानपिढ्या ज्याला तू कोणीच नाहीस असे सांगितले गेले, त्याला आधी तू कोणीतरी होतास हे सांगावे लागते, आणि ते प्रयोगशाळेतून सांगता येत नाही. नरसूंच्या तर्कात ही ऊब थोडी कमी पडते, हे मान्य केले पाहिजे. परंतु योगायोग पाहा. 1948 साली बाबासाहेबांनी नरसूंचा ग्रंथ पुन्हा प्रकाशित केला, आणि त्याच वर्षी त्यांचा स्वतःचा अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीचा ग्रंथ बाहेर पडला. अस्पृश्य हे बौद्ध धम्म न सोडल्यामुळे बहिष्कृत झालेले लोक होत, असे त्या ग्रंथात प्रतिपादन आहे. मद्रासमध्ये ज्या दोन धारा एकमेकींना खेटून, क्वचित घासून वाहत होत्या, त्या मुंबईत एकाच लेखणीखाली एकाच वर्षी शेजारी शेजारी आल्या.

‘द इसेन्स ऑफ बुद्धिझम’ची पहिली आवृत्ती 1907 साली मद्रासमध्ये निघाली. त्याच वर्षी मुंबईत भीमराव रामजी आंबेडकर नावाचा विद्यार्थी मॅट्रिक झाला आणि त्याच्या सत्कारसमयी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला आपले मराठी बुद्धचरित्र भेट दिले. एका शिक्षकाचे पुस्तक हाती पडत असताना दुसऱ्या शिक्षकाचे पुस्तक शेकडो मैलांवर छापून तयार होत होते. 1912 साली नरसूंनी दुसरी आवृत्ती काढली. अनागारिक धर्मपाल यांनी या ग्रंथासाठी प्रास्ताविक लिहिले. त्यानंतर मात्र तो बाजारातून नाहीसा झाला आणि 1948 पर्यंत नाहीसाच राहिला.

हा ग्रंथ वाचताना पानोपानी विज्ञानाचा शिक्षक दिसतो. आरंभ ऐतिहासिक बुद्धापासून होतो. चमत्कार बाजूला सारून, माणूस म्हणून गौतम कोण होता, एवढेच तेथे पाहिले आहे. दुसरे प्रकरण थेट धम्माच्या बुद्धिनिष्ठतेवर. कालामांना बुद्धाने दिलेला जो उपदेश आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे, परंपरेने आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, तोच या प्रकरणाचा कणा आहे. पुढे नीती, जाती, स्त्रिया, चार आर्यसत्ये, संन्यास, निराशावाद, अष्टांगिक मार्ग, विश्वाचे कोडे, व्यक्तित्व, मृत्यू आणि त्यानंतर काय, आणि अखेर निर्वाण, असा विषयांचा क्रम आहे. जातीवर आणि स्त्रीवर स्वतंत्र प्रकरणे असणे ही त्या काळातील धर्मविवेचनाच्या ग्रंथात अपूर्व गोष्ट होती. शहराच्या दक्षिणेस अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्य केंद्र होते आणि तेथून गूढ बौद्ध तत्त्वज्ञानाच्या नावाखाली महात्मे, अदृश्य गुरू आणि सूक्ष्म देह यांची चर्चा सतत चाले. नरसूंच्या पुस्तकात यांपैकी काहीही शिरलेले नाही.

सर्वांत अवघड प्रश्न कर्म आणि पुनर्जन्म यांचा. आत्मा नाही असे बुद्ध सांगतो, मग मेल्यानंतर पुन्हा जन्म कोणाचा? आमच्या दहावीच्या मुलांनी हा प्रश्न विचारला की कित्येक व्याख्याते घसा साफ करतात आणि विषय बदलतात. नरसू तो टाळत नाहीत. मनुष्य ही एखादी अविनाशी वस्तू नसून कारणांनी घडत जाणारा आणि कारणांनी बदलत जाणारा प्रवाह आहे, हे ते मिलिंदप्रश्नातील रथाच्या दृष्टान्तापासून त्यांच्या काळच्या मानसशास्त्रापर्यंत सर्व साधने वापरून पटवून देतात. मग माणसाच्या मरणानंतर जे उरते ते त्याच्या कर्माचे परिणाम, आणि ते उरतात मागे राहणाऱ्या माणसांत, समाजात, पुढच्या पिढ्यांत. एका आत्म्याने मागच्या जन्माचे पाप या जन्मी अस्पृश्य होऊन फेडावे, हा हिशोब येथे पार मोडीत निघतो. चेरीत बसलेल्या श्रोत्याला या तात्त्विक मुद्द्याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नसावी.

बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात चार प्रश्न मांडलेले आहेत. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, आर्यसत्ये धम्माला निराशावादी ठरवतात काय, अनात्म आणि कर्म-पुनर्जन्म यांचा मेळ कसा घालायचा, आणि भिक्षू हा समाजसेवक की केवळ स्वतःची मुक्ती शोधणारा. ज्यांनी नरसूंचा ग्रंथ आधी वाचला आहे, त्यांना यांपैकी बरेचसे प्रश्न ओळखीचे वाटतील. बाबासाहेबांनी दिलेली उत्तरे त्यांची स्वतःची आहेत, त्यांच्या मागे स्वतःचा अभ्यास आणि कोट्यवधी लोकांचे भवितव्य उभे आहे. कोणी कोणाचे उसने घेतले असा हलका अर्थ येथे काढू नये. पण एका शिक्षकाने चाळीस वर्षे आधी नांगरून ठेवलेली जमीन त्यांना उपयोगी पडली, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

नरसूंनी 1916 साली बौद्ध धम्म म्हणजे काय, हे सामान्य वाचकासाठी सांगणारे आणखी एक पुस्तक लिहिले, आणि 1922 साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ‘अ स्टडी ऑफ कास्ट’. ज्या वयात बहुतेक प्राध्यापक निवृत्तिवेतनाचा हिशोब करून तीर्थयात्रेच्या वाटेला लागतात, त्या वयात त्यांनी जातिसंस्थेची चिरफाड करायला घेतली. जातीचा आधार वंशात आहे, रक्तात आहे, गुणकर्मात आहे, श्रमविभागणीत आहे, असे जे जे समर्थन तेव्हा विद्वानांत प्रचलित होते ते एकेक घेऊन त्यांनी तपासले आणि टाकून दिले. जातींमधील विवाहबंदी मोडल्याशिवाय जात जाणार नाही, हे त्यांचे ठाम मत होते, आणि आंतरजातीय व विधवा विवाहांचा पुरस्कार ते तरुणपणापासून करीत आले होते. बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात 1916 साली वाचलेला जातिविषयक निबंधही जातीचे मूळ विवाहबंदीतच शोधतो. दोन माणसे, एकमेकांना न भेटता, एकाच गाठीवर बोट ठेवून होती.

आमच्या समाजाची गोष्ट येथे मध्येच निघते, आणि ती या स्मरणिकेत लिहावी की नाही याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या लग्नपत्रिका विद्यालयात येतात. वर बुद्धाचे चित्र असते, त्याखाली बाबासाहेबांचे, मंगल परिणयाचा विधी बौद्ध पद्धतीने होईल असा ठळक मजकूर असतो. पण स्थळ पाहताना मात्र पोटजात पाहिली गेली होती, हे सर्वांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही. वधू-वर सूचक मेळाव्यांच्या अर्जात धम्माचा एक रकाना असतो आणि त्याच्याच खाली दुसरा. बौद्ध होऊन सत्तर वर्षे होत आली तरी हा दुसरा रकाना कोरा सोडण्याचे धैर्य आपल्यापैकी थोड्यांनीच दाखवले आहे. विज्ञानाचे शिक्षक नरसू या रकान्याला काय म्हणाले असते, ते पालकांनी आपल्या मनाशी ठरवावे.

1914 साली अयोत्तिदासांचे निधन झाले. त्यानंतर दक्षिण भारतातील बौद्धांच्या संघटनेचे नेतृत्व आपोआप नरसूंकडे आले. ही चळवळ तोवर मद्रासच्या बाहेर बरीच पसरली होती, आणि ती कशी पसरली हे समजून घेण्यासारखे आहे. उत्तर आर्काट जिल्ह्यातील हजारो भूमिहीन परैयर मजूर म्हैसूर संस्थानातील कोलारच्या सोन्याच्या खाणींत कामाला गेले. मारिकुप्पम, चॅम्पियन रीफ ही तेथील वस्त्यांची नावे. जमिनीखाली हजारो फूट, भाजून काढणाऱ्या उष्म्यात दगड फोडायचा आणि वर येऊन पत्र्याच्या खोलीत झोपायचे, असे ते जिणे. पण तेथे गावचा पाटील नव्हता, देवळाचा पुजारी नव्हता, आणि महिन्याकाठी रोख मजुरी हाती पडत होती. आमच्याकडे नागपूरच्या गिरण्यांनी आणि मुंबईच्या बीडीडी चाळींनी जे काम केले, तेच तेथे खाणींनी केले. या मजुरांनी वर्गणी काढून विहार उभारले, मुलांसाठी शाळा चालवल्या, तमिळ छापखाना चालवला. अयोत्तिदासांचे बंद पडलेले पत्र 1926 साली याच खाणकामगारांच्या वस्तीतून पुन्हा सुरू झाले. तिरुपत्तूर, कोलारच्या खाणी, बंगळूर, अशा मद्रासहून पश्चिमेकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत बौद्धांच्या शाखा जणू स्थानकांसारख्या लागून गेल्या होत्या. परदेशी गेलेल्या तमिळ मजुरांबरोबर रंगून आणि दक्षिण आफ्रिकेपर्यंतही त्या पोहोचल्या.

साठी उलटलेले नरसू या शाखांचे मार्गदर्शक होते. त्यांच्या परिषदांचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषवले, त्यांच्या शंकांचे निरसन केले, जन्म, विवाह आणि मृत्यू यांचे विधी साधे, अल्पखर्चिक आणि अर्थपूर्ण कसे असावेत याचा विचार त्यांच्यासोबत केला. इंग्रजीत शास्त्रशुद्ध लिहिणारा हा लेखक आणि खाणीतून वर आलेला कामगार यांच्यामध्ये भाषेचे आणि शिक्षणाचे अंतर फार मोठे होते. ते पूर्णपणे मिटले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्यांचे ग्रंथ त्या कामगारांपैकी फार थोड्यांनी स्वतः वाचले असतील. ते वाचलेल्या कोणा शिक्षकाकडून, कोणा पत्रातून, कोणा व्याख्यानातून त्यातील विचार त्यांच्यापर्यंत आला. तरी आयुष्यभर वर्गात कमाई करून उतारवयात ती विद्या ज्यांना वर्गाचे दार बंद होते त्यांच्या सभेत नेऊन ओतावी, असा शिक्षक कितीदा आढळतो? आमच्या विद्यालयात सेवानिवृत्तीनंतरही सकाळच्या अभ्यासिकेला येऊन बसणारे दोन शिक्षक आम्ही पाहिले आहेत. त्यांनी नरसूंचे नाव ऐकले असेल असे वाटत नाही.

1934 साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, प्रा. लक्ष्मी नरसू यांचे निधन झाले. बाबासाहेबांची येवल्याची घोषणा पुढच्याच वर्षी व्हायची होती. ‘जातिनिर्मूलना’चे भाषण त्यानंतरच्या वर्षी. आपल्या पश्चात दक्षिणेतील लहानशा बौद्ध समाजाचे काय होईल, याविषयी त्यांना कोणता अंदाज होता हे कळण्यास मार्ग नाही. इतके खरे की त्यांच्यानंतर त्या चळवळीचा जोर ओसरत गेला. काही लोक द्रविड चळवळीत गेले, काही मजूर संघटनांत, आणि त्यांच्या पुस्तकांच्या प्रती जुन्या पुस्तकांच्या दुकानांतही मिळेनाशा झाल्या. चौदा वर्षांनी मुंबईच्या एका छापखान्यात त्यांतील एक पुस्तक पुन्हा जुळवले जाऊ लागले, आणि पुढील आठ वर्षांतच नागपूरच्या मैदानावर लाखो माणसांनी बुद्धाला शरण जाण्याचा उच्चार केला.

बाबासाहेबांच्या प्रस्तावनेसह छापलेल्या त्या तिसऱ्या आवृत्तीची एक प्रत आमच्या विद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. कोणी दिली याची नोंद नाही. पाने पिवळी पडली आहेत, कणा सुटला आहे, आणि जाती व स्त्रियांवरील प्रकरणांच्या समासात कोणीतरी शिसपेन्सिलीने बारीक खुणा केल्या आहेत. ती व्यक्ती आमचा माजी विद्यार्थी किंवा शिक्षक असल्यास त्यांनी कृपया विद्यालयाशी संपर्क साधावा, आम्हास त्यांना भेटायला आवडेल.

नरसूंनी लिहून ठेवलेले आणखी एक हस्तलिखित अनेक वर्षे अप्रकाशित राहिले होते. आधुनिक बौद्धाचा धर्म कसा असावा, हा त्याचा विषय. अभ्यासक जी. अलॉयसियस यांनी ते संपादित करून 2002 साली दिल्लीहून प्रसिद्ध केले, म्हणजे लेखकाच्या निधनानंतर 68 वर्षांनी. ते पुस्तक आमच्या ग्रंथालयात अद्याप नाही. या वर्षीच्या खरेदीच्या यादीत त्याचे नाव सर्वांत वर लिहिले आहे.